पोलीस मित्राचं ओळखपत्र मिळालं, आता मंडळाच्या पोरांनी नेमकं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम शहरातलं गणपती मंडळ, देखावा गाजतो म्हणून शेवटच्या चार-पाच रात्री तुफान गर्दी. गेल्या वर्षी दोन लहान मुलं हरवली आणि तासाभरानं सापडली, मोबाईल तर कितीतरी गेले, आणि विसर्जनाला शेजारच्या मंडळाशी धक्काबुक्की झाली. यंदा शांतता समितीच्या बैठकीत पीआय साहेब (पोलीस निरीक्षक) म्हणाले वीस पोरांची यादी द्या, पोलीस मित्र म्हणून ओळखपत्र देतो. आता सचिव विचारतायत की यानं खरंच काही होतं का, की नुसतं फोटोपुरतं, आणि पोरांना काय सांगायचं.

मी पोलीस खात्यातून रिटायर झालोय. बरीचशी नोकरी पुण्याच्या पेठांत आणि नंतर मुंबईच्या आसपासच्या शहरांत गेली, त्यामुळे गणपती, नवरात्र, ईद, दिवाळी सगळं रस्त्यावर उभं राहूनच पाहिलंय. उत्तर लांबणार आहे, पण जिवाशी संबंधित विषय आहे म्हणून सविस्तरच लिहितो.

ओळखपत्र आणि शिट्टी दिल्यानं पोरगा बंदोबस्ताचा माणूस होत नाही, हे खरंय. पण पोलिसांची बाजूही समजून घ्या. सणात एका पोलीस स्टेशनच्या हद्दीत शंभरच्या आसपास मंडळं असली तरी त्यात नवल नसतं, आणि स्टेशनचा स्टाफ तोच, त्यातले काही कोर्टात, काही साप्ताहिक सुट्टी रद्द होऊन कंटाळलेले. मग बाहेरून माणसं येतात, राज्य राखीव दलाची तुकडी, होमगार्ड, ट्रेनिंग सेंटरची नवी पोरं. तुमच्या मंडपाशी जो शिपाई उभा राहतो तो कदाचित दुसऱ्या जिल्ह्यातून परवा आलेला असतो. त्याला माहीतच नाही की मंडपामागचा तो पत्र्याचा दरवाजा उघडला की थेट शाळेच्या मैदानात निघता येतं, पलीकडच्या वाड्यात डायलिसिसचा पेशंट आहे, आणि कोपऱ्यावरचं गटाराचं झाकण दोन वर्षं फुटलेलंच आहे. हे सगळं तुमच्या पोरांना झोपेतसुद्धा माहीत असतं. पोलीस मित्र म्हणून तुम्ही द्यायची पहिली गोष्ट हीच, गल्लीची माहिती. छातीवर बिल्ला लावून लोकांवर ओरडणं हे त्यात कुठंच येत नाही.

आणि जे करायचं नाही ते आधीच सांगून टाकतो. कार्यकर्त्यानं हातात काठी धरायची नाही, कोणाच्या बॅगा उघडायच्या नाहीत, कोणाला मारायचं नाही. चोर रंगेहाथ सापडला तर धरून ठेवता येतो, डोळ्यासमोर गंभीर गुन्हा झाला तर साध्या नागरिकालाही अटकेचा अधिकार कायद्यात आहे, आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ४० मध्ये आहे, पण त्याला विनाकारण वेळ न लावता आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मधल्या वेळात पब्लिकनं त्याला बडवला तर गुन्हा तुमच्या पोरांवर दाखल होतो, आणि मग नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी करायची वेळ आली की ते पोरगं माझ्यासारख्या कोणाकडं तरी रडत येतं. असे कितीतरी आलेत. धरलं की चारही बाजूंनी चार जण उभे करा, त्याला भिंतीला पाठ लावून बसवा आणि पोलिसांचा आपत्कालीन नंबर ११२ लावा, बस.

आता गर्दीवर येतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तोच आणि मंडळं त्याकडं सगळ्यात कमी बघतात. लोकांना वाटतं चेंगराचेंगरी म्हणजे माणसं पळतात, पडतात, पायाखाली येतात. बऱ्याच वेळा तसं होतच नाही. माणसं उभ्या उभ्या जातात. छातीवर चारही बाजूंनी इतका दाब येतो की फुफ्फुसात हवा घ्यायला जागा राहत नाही. एक चौरस मीटर जागेत चार माणसं असतील तर ठीक, पाच झाली की सरकणं अवघड, आणि सहा-सातच्या वर गेलं की माणूस स्वतःच्या मर्जीनं हलत नाही, गर्दीच त्याला नेते. २०२२ मध्ये दक्षिण कोरियात, सोलच्या इतेवॉनमध्ये हॅलोविनच्या गर्दीत दीडशेवर माणसं गेली, ती एका उताराच्या अरुंद बोळात, आणि लोकांनी पोलिसांना पहिले फोन जवळजवळ चार तास आधीपासून केले होते की इथं चेंगरायला होतंय. फोन आले होते, पण प्रवाह थांबवणारं कोणी नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं परत लागणार आहे.

आपल्याकडचंच बघा. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला तीनशेच्या जवळपास भाविक गेले, नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट अरुंद, आणि दुकानांत आग, सिलिंडर. नाशिकच्या कुंभात २००३ ला ३९ जण गेले. मुंबईत एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, २३ जण. तिथं काय झालं? जोरात पाऊस आला, लोक भिजू नये म्हणून जिन्यावर थांबले, खालून लोकल मागून लोकल येतच राहिल्या, माणसं चढतच राहिली, पुढं जायला जागा नाही. वेगळं काही घडायची गरजच नव्हती. यातलं काहीच कोणी मुद्दाम केलेलं नाही, आणि प्रत्येक ठिकाणी वाट मागं मोकळी ठेवली असती किंवा येणाऱ्यांना लांबच थांबवलं असतं तर माणसं वाचली असती.

तुमच्या मंडपाचा हिशोब करून बघा, वही घेऊन. सपाट रस्त्यावर एक मीटर रुंदीतून मिनिटाला जेमतेम ८० माणसं जातात, पायऱ्या असतील तर ६५ च्या आसपास, याहून जास्त जातच नाहीत. समजा तुमचा रस्ता तीन मीटरचा आहे, म्हणजे गर्दीच्या वेळी मिनिटाला दोनशेवर माणसं आत येऊ शकतात. पण मूर्तीसमोर एकेरी रांग आहे आणि प्रत्येक जण हात जोडायला चार सेकंद थांबतो, म्हणजे मिनिटाला पंधराच बाहेर जातायत. उरलेली माणसं कुठं जातात? मंडपाच्या तोंडाशी साचतात. आणि देखाव्याचा शो असेल, दहा मिनिटांचा, लाईट बंद करून, तर ते दहा मिनिटं बाहेर जाणारा आकडा शून्य. हा हिशोब केल्यावर बऱ्याच मंडळांनी स्वतःहून शो छोटा केला, कोणी सांगावं लागलं नाही. मूर्ती थोडी उंचावर ठेवली, तोंडदर्शनाची रांग वेगळी काढली, चालत्या चालत्या दर्शन होईल अशी वाट केली, की निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

एक प्रसंग सांगतो, मोठा नाही, पण त्यात सगळं आलंय. गौरी विसर्जनानंतरची रात्र, साडेदहाचा सुमार, पेठेतली गल्ली भरलेली, आणि एकदम पाऊस. रस्त्यावरचे सगळे लोक एका झटक्यात मंडपात शिरायला लागले, छत तिथंच होतं ना. पुढच्या लोकांना मागं काय चाललंय कळत नव्हतं आणि मागच्यांना पुढं जागा नाही हे कळत नव्हतं. बॅरिकेडचा बांबू वाकायला लागला. एका बाईनं पोराला डोक्यावर उचललं, गर्दीत बायका पोरं डोक्यावर घ्यायला लागल्या की समजायचं वेळ फार थोडा आहे. मंडळाचा एक पोरगा शेजारच्या बिल्डिंगच्या गॅलरीत उभा होता, त्याला कामच तेवढं दिलेलं की वरून बघायचं आणि मोबाईलवर खालच्या दोघांशी बोलायचं. त्यानं सांगितलं आणि खालच्यानं बिल्डिंगच्या पार्किंगचं शटर वर केलं, चावी त्याच्या खिशात होती, सोसायटीच्या काकांनी सकाळीच दिलेली. शे-दोनशे माणसं पार्किंगमध्ये सरकली. त्याच वेळी लांब, चौकात, दुसऱ्या दोघांनी दोरी धरून येणारे लोक थांबवले आणि माईकवाल्यानं गाणं बंद करून शांतपणे सांगितलं, दर्शन चालूच राहणार आहे, कोणी घाई करू नका, पावसासाठी उजवीकडच्या पार्किंगमध्ये जा. पाच मिनिटांत गर्दी सैल झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ नव्हती. बंदोबस्ताला आमचे पाच-सहा जण होते तिथं, पण शटरची चावी आमच्यापैकी कोणाकडंच नव्हती आणि ते पार्किंग आहे हेसुद्धा आमच्या बाहेरून आलेल्या पोरांना माहीत नव्हतं.

त्यामुळं तुमच्या वीस पोरांतली दोन चांगल्या नजरेची, शांत डोक्याची पोरं उंचावर बसवा. त्यांनी बघायचं काय, तर लोकांचे खांदे एकमेकांना टेकलेत का, हात तोंडापर्यंत नेता येतोय का, आणि गर्दी शेतातल्या उभ्या पिकासारखी एका बाजूला झुकून परत येतेय का. झुकायला लागली म्हणजे लगेच येणं बंद करायचं. आणि बंद करायचं ते लांब, चौकात, मंडपाच्या तोंडाशी नाही. तोंडाशी गेट लावलं की मागचे लोक गेटवर दाब देत राहतात आणि मधले चिरडतात. ही एक गोष्ट सगळ्या पोरांकडून तीनदा म्हणवून घ्या. अजून, प्रसाद किंवा टी-शर्ट असलं काही गर्दीत फेकायचं नाही, कधीच नाही.

आता ते वाक्य, प्रवाह थांबवणारं कोणी नव्हतं. माझ्या मते मंडळ आणि पोलीस यांच्यात आधी ठरवायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे की रांग थांबवायचा, म्युझिक बंद करायचा आणि गरज पडली तर दर्शन बंद करायचा निर्णय कोण घेणार. बहुतेक ठिकाणी हे ठरलेलंच नसतं. शिपाई म्हणतो साहेबांना विचारतो, साहेब दुसऱ्या मंडळाशी आहेत, कार्यकर्ता म्हणतो अध्यक्षांना विचारतो, अध्यक्ष स्टेजवर आमदारांना शाल घालतायत. दर्शन थांबवलं तर लोक शिव्या देतील, व्हीआयपी आलाय, देणगीदार आलाय, म्हणून कोणी पुढं होत नाही. म्हणून आधीच, कागदावर, दोन शिफ्टला दोन माणसं, नाव आणि नंबरसकट, आणि त्यांच्या जोडीला त्या पॉइंटचा पोलीस अंमलदार. या दोघांपैकी कोणीही थांबवा म्हटलं की थांबवायचं, अध्यक्षांनीसुद्धा विचारायचं नाही का म्हणून. हे पीआय साहेबांच्या तोंडून सगळ्या कार्यकर्त्यांसमोर वदवून घ्या, म्हणजे त्या पोराला नंतर कोणी झापणार नाही.

हरवलेली मुलं. इथं मंडळं प्रेमानं पण चुकीचं करतात. माईकवरून मुलाचं नाव, वय, कपड्यांचा रंग, आईचं नाव सगळं सांगून मोकळे होतात, म्हणजे कोणीही येऊन म्हणू शकतो माझं पोरगं आहे. माईकवर एवढंच सांगायचं की एक लहान मूल मंडळाच्या मदत केंद्रात सुखरूप आहे, पालकांनी यावं. जो येईल त्याला विचारायचं मुलानं काय घातलंय, नाव काय, आणि मूल त्याला बघून कसं वागतंय ते बघायचं. येणाऱ्याचा फोटो, ओळखपत्राचा नंबर वहीत घ्यायचा आणि पोलिसांच्या समोर ताबा द्यायचा. केंद्रावर नेहमी दोन जण, त्यातली एक बाई, आणि मुलाला घेऊन पालकांना शोधत गर्दीत फिरायचं नाही, एकाच जागी बसायचं. तासाभरात कोणी आलं नाही तर पोलिसांकडं, आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन. मंडळाच्या गेटवर एका टेबलावर स्केचपेन आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा, आत जाणाऱ्या प्रत्येक लहान मुलाच्या खिशात पालकांचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. कॉलेजच्या मुलींना हे काम द्या, फार छान करतात, आणि हरवलेलं पोरगं दहा मिनिटांत परत जातं. म्हाताऱ्या माणसांसाठीही हेच, विसरभोळी आजी हरवली तर ती पोरापेक्षा जास्त घाबरलेली असते आणि तिच्याकडं कोणी बघत नाही.

मोबाईल चोऱ्या. सणाच्या गर्दीत चोऱ्या करायला बाहेरून टोळ्या येतात, तीन-चार जण मिळून काम करतात. एक पुढं अडतो, एक मागून ढकलतो, तिसरा काढतो आणि लगेच चौथ्याकडं देतो, म्हणून काढणारा धरला तरी त्याच्याकडं काही सापडत नाही. कार्यकर्त्यांनी बघायचं ते हे की कोण मूर्तीकडं बघतच नाही, लोकांच्या खिशांकडं बघतोय, आणि तोच माणूस रांगेतून परत परत फिरतोय. संशय आला तर त्याच्या जवळ जाऊन नुसतं उभं राहा, दोन जण. तो निघून जातो. आमचे साध्या वेशातले लोकही हेच करतात. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर चोर म्हणून फिरवू नका, चुकीचा माणूस निघाला तर त्याचा जीव जाऊ शकतो. ज्याचा फोन गेला त्यानं आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद करायचं आणि बँकेला सांगून यूपीआय बंद करायचं, कारण हल्ली चोराला फोनपेक्षा त्यातल्या खात्यात जास्त रस असतो, आणि पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन. मग पोलिसांत तक्रार आणि त्या तक्रारीवरून सीईआयआर या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक. फोनचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय नंबर, आजच स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून लिहून ठेवा, चोरी झाल्यावर कुठून आणणार? आणि चोरीला गेलेल्या फोनची गहाळ म्हणून नोंद करून घेऊ नका, चोरी झाली असेल तर चोरीच लिहायला लावा. हद्दीचा वाद घालून कोणी पळवत असेल तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं कुठल्याही पोलीस स्टेशनला झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता गुन्ह्याची नोंद, घ्यावी लागते. हे मी पोलीस असूनच सांगतोय, कारण नोंदच झाली नाही तर पुढच्या वर्षी त्या कोपऱ्यावर माणूस वाढवायचा हे आम्हाला कळणार कुठून.

आता शेजारच्या मंडळाशी भांडण. हा प्रश्न विसर्जनाच्या रात्री पोलिसांनी सोडवायचा नसतोच, त्या रात्री फक्त लाठीनं बाजूला करता येतं. मूळ कुठं असतं? मिरवणुकीत पुढं कोण, चौकात किती वेळ नाचायचं, कोणाचा आवाज मोठा, आणि बऱ्याचदा गेल्या वर्षी कोणाच्या तरी बहिणीकडं बघून कोणीतरी काहीतरी बोललेलं. दोन्ही मंडळांतल्या जुन्या लोकांना सगळं माहीत असतं. सणाच्या पंधरा-वीस दिवस आधी दोन्ही अध्यक्षांना आणि बीट अंमलदाराला, म्हणजे तुमचा भाग ज्याच्याकडं आहे त्या पोलिसाला, चहाला बसवा, क्रम ठरवा, चौकात थांबायची वेळ ठरवा, दोन मिरवणुकांमध्ये अंतर किती राहील ते ठरवा आणि एकमेकांच्या मंडळातले दोन-दोन कार्यकर्ते अदलाबदल करा. तुमचे दोघं त्यांच्या मिरवणुकीत, त्यांचे दोघं तुमच्यात. हे मी पाहिलंय आणि चालतं. आपल्याच चार मित्रांच्या अंगावर कोण जाणार? दारू पिऊन येणारी आपली पोरं कोण हे तुम्हालाच ठाऊक असतं, त्यांची नावं बीट अंमलदाराला गुपचूप आधी सांगायला लाजू नका. साहेबांनी आधी बोलावून समज दिली तर पोरगं वाचतं, नाहीतर नंतर त्याच संहितेच्या कलम १२६, १२९ च्या प्रतिबंधक कारवाया आणि फारच झालं तर महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली तडीपारी, मग आयुष्याचा खेळखंडोबा.

कम्युनिटी पोलिसिंग हा शब्द हल्ली फार ऐकू येतो, पण महाराष्ट्रानं ते कधीच करून दाखवलंय. १९८४ ला भिवंडीत दंगल झाली होती, त्यानंतर तिथं डीसीपी म्हणून आलेल्या सुरेश खोपडे साहेबांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या केल्या, दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि सोबत त्या भागाचा पोलीस. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नंतर १९९४ च्या सुमाराला मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिटी चळवळ उभी केली. या कमिट्या टिकल्या त्या वर्षभर भेटत राहिल्या म्हणून, दंगलीची वाट बघत बसल्या नाहीत. नळाचं पाणी, गटार, पोरांच्या क्रिकेट मॅचवरची भांडणं असल्या विषयांवर बोलता बोलता माणसं एकमेकांना नावानं ओळखायला लागली. अलीकडचं उदाहरण तर सगळ्यांना आठवत असेल, २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा मुंबईत मुस्लिम समाजानं जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ ला परत दोन दिवस लागूनच आले, तेव्हाही पुढं ढकलला, आणि २०२५ ला विसर्जन ६ सप्टेंबरला होतं म्हणून जुलूस ८ ला नेला, सरकारनं सुट्टीसुद्धा मुंबईत ८ ला केली. असा निर्णय आदल्या रात्री फोन करून होत नाही, त्यासाठी आधीपासून ओळख असावी लागते. तुमच्या भागात मशीद असेल, मिरवणूक तिच्यासमोरून जात असेल, तर नमाजाची वेळ विचारून घ्या आणि तिथल्या चार लोकांना तुमच्या आरतीला बोलवा, त्यांच्या जुलूसला तुम्ही पाणी वाटा. पोलिसांचं निम्मं टेन्शन तिथंच उतरतं.

आवाज आणि लेझरबद्दल जास्त लिहीत नाही, नियम सगळ्यांना माहीत आहेत, पाळायचे की नाही एवढाच प्रश्न उरतो. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणं रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टापासून १०० मीटरचा शांतता पट्टा. मला कायद्यापेक्षा एक साधी गोष्ट सांगायचीय, डीजेच्या भिंतीसमोर उभं असताना कोणी मदतीला ओरडलं तर ऐकू येत नाही, तुमची शिट्टी, तुमचा माईक, पोलिसांचा वॉकीटॉकी, काहीच नाही. म्हणजे गर्दी सांभाळायची सगळी व्यवस्था तुम्हीच बंद पाडलेली असते. लेझर डोळ्यात गेला तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते, त्यामुळं तो तर नकोच.

वीज मात्र हलक्यात घेऊ नका. महावितरणचं तात्पुरतं अधिकृत कनेक्शन घ्या, अर्थिंग आणि लीकेज झाल्यावर ट्रिप होणारा ब्रेकर बसवा, लोखंडी कमानीला वायर गुंडाळू नका. मिरवणुकीच्या आधी मार्गावरून मूर्तीच्या आणि सजावटीच्या उंचीएवढा सुका बांबू घेऊन दिवसाढवळ्या चालत जा आणि कुठली तार किती खाली आहे ते लिहून काढा, ती यादी महावितरणला आणि पोलीस स्टेशनला लेखी द्या. वायर वर ढकलायला ओला बांबू किंवा लोखंडी पाईप घेऊन ट्रॉलीवर चढलेली पोरं मी दर वर्षी बघायचो आणि छातीत धस्स व्हायचं.

छेडछाडीबाबत, मुलींच्या मनात असतं की तक्रार केली तर तमाशा होईल आणि घरचे पुढच्या वर्षी येऊच देणार नाहीत. म्हणून कार्यकर्त्यांत मुली असायलाच हव्यात, नुसत्या लेझीम-ढोल पथकात नाही, बंदोबस्ताच्या यादीत. एखादी मुलगी येऊन म्हणाली की तो माणूस त्रास देतोय तर तिला प्रश्न विचारत बसायचं नाही, आधी तिला मुलींच्या घोळक्यात घ्यायचं, मग महिला पोलिसांना बोलवायचं. आणि मंडपापासून बस स्टॉप, पार्किंगपर्यंतच्या अंधाऱ्या गल्ल्यांत चार हॅलोजन लावा, देखाव्यावरचे दोन कमी झाले तरी चालतील.

बेवारस बॅग दिसली तर हात लावायचा नाही, उचलून बाजूला ठेवायची नाही, माईकवर बॉम्ब वगैरे शब्द काढायचा नाही. शांतपणे लोकांना त्या बाजूनं जाणं बंद करायचं, ११२, आणि पोलीस येईपर्यंत लांब उभं राहायचं. दहातल्या नऊ वेळा कोणाचा तरी डबा निघतो, तरीसुद्धा.

विसर्जनाच्या पाण्याचं एवढंच, दर वर्षी बुडून पोरं जातात आणि त्यातली बरीच पोहता येणारी असतात. पाण्यात उतरणारी पाच-सहा नावं आधी ठरवा, न प्यायलेली, अंगावर लाईफ जॅकेट, कमरेला दोरी. बाकीच्यांनी काठावर. मूर्ती महापालिकेच्या किंवा जीवरक्षकांच्या ताब्यात द्यायची सोय असेल तिथं तर उतरायचंच नाही. आणि वीस तास जागलेला, उपाशी पोरगा पाण्यात पाठवू नका. झोपेचं वेळापत्रक करा, खरंच करा, पुण्यातली मुख्य मिरवणूक सलग अठ्ठावीस-तीस तास चालते, तिथं शेवटच्या सहा तासांतल्या चुका थकव्याच्या असतात, पोलिसांच्यासुद्धा.

वर्गणीबद्दल जाता जाता. धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सी ची परवानगी घ्या, पावती द्या, जबरदस्ती करू नका. दुकानदाराला दमदाटी करून पैसे घेतले तर तोच दुकानदार गर्दीच्या रात्री तुम्हाला शटरची चावी देईल का?

मग आता करायचं काय. वीस नावांची यादी देण्याआधी तुमच्या बीट अंमलदाराला शोधा, त्याला घेऊन रात्री नऊ वाजता, गर्दी असते त्या वेळेला, सगळ्या गल्ल्या चालून काढा. दिवसा चाललात तर पार्क केलेल्या गाड्या, वडापावच्या गाड्या, बंद दुकानांचे कट्टे काहीच दिसत नाही. एका कागदावर हातानं नकाशा काढा, आत यायची वाट, बाहेर जायची वाट, अ‍ॅम्ब्युलन्स कुठपर्यंत येईल, चाव्या कोणाकडं, उंचावर कोण, चौकात दोरी कोण धरणार, मुलांचं केंद्र कुठं, आणि सगळ्यात वर त्या दोन माणसांची नावं ज्यांनी थांबवा म्हटलं की थांबायचं. त्याच्या प्रती पोलीस स्टेशनला, फायर ब्रिगेडला, आणि बंदोबस्ताला बाहेरून येणाऱ्या प्रत्येक शिपायाच्या हातात, शिफ्ट बदलली की नव्यालासुद्धा. पोलिसांकडून मागायचं ते हे की एकच अंमलदार दहाही दिवस तुमच्या पॉइंटला राहील, त्याचा नंबर मिळेल, संध्याकाळी महिला पोलीस असेल. पीआय साहेब नाही म्हणणार नाहीत, त्यांनाही हेच हवं असतं, फक्त कोणी मागत नाही.

आणि विसर्जन झाल्यावर आठवडाभरात परत एकदा बसा, तुम्ही, शेजारचं मंडळ आणि बीट अंमलदार. कुठं मोबाईल गेले, कुठं दाब आला, कोणती तार लागली, सगळं त्याच नकाशावर लाल पेननं खुणा करा. साहेब बदलून जातील, नवे येतील, तो कागद घेऊन पुढच्या वर्षी त्यांच्या टेबलावर ठेवा. नकाशा काढताना काही अडलं तर गल्लीची रुंदी आणि मंडपाचं माप लिहून विचारा, मी हिशोब करून सांगतो.